विजेची शेगडी : कॉइलची की इंडक्शनची?

आपल्या भागात गॅसच्या जोडीला विजेची शेगडी ठेवण्याची पद्धत वाढत चालली आहे. देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त गॅस परदेशातून येतो. तिकडे गडबड झाली की इकडे भाव आणि पुरवठा दोन्ही हलतात. तेव्हा घरात दुसरी सोय असावी, हा विचार योग्यच आहे. प्रश्न एवढाच की कोणती शेगडी घ्यावी? जुनी, तारेची कॉइल तापणारी, की नवी, काचेच्या पाटीची इंडक्शन?

आम्ही कापडाच्या धंद्यातले, विजेचे इंजिनिअर नव्हे. परंतु माल पारखून घेणे आणि हिशेब मांडणे हे आमचे रोजचे काम आहे. त्याच रीतीने हा सौदा वाचक बंधू-भगिनींपुढे मांडत आहोत.

दोघींत फरक काय?

कॉइलच्या शेगडीत वीज तारेतून जाते, तार लाल होते आणि तिची धग भांड्याला लागते. म्हणजे आधी शेगडी तापते, मग भांडे. इंडक्शनचा प्रकार वेगळा आहे. काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून अतिशय वेगाने दिशा बदलणारी वीज सोडली जाते. तिच्या चुंबकीय प्रभावाने लोखंडी भांड्याच्या बुडातच वीज फिरू लागते आणि बूड आपोआप तापते. काच तापते ती भांड्याच्या धगीने. यामागचे तत्त्व मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिले होते.

यामुळे इंडक्शनवर वीज कमी वाया जाते. साधारणपणे १०० भाग विजेपैकी इंडक्शनवर ८५ भाग आणि कॉइलवर ७० भाग अन्नाच्या कामी येतात असे धरावे. २ लिटर पाणी उकळायला २००० वॅटच्या इंडक्शनला सुमारे ६ मिनिटे लागतात, १००० वॅटच्या कॉइलला सुमारे १५ मिनिटे. सहरीच्या घाईत किंवा सकाळी मुलांच्या शाळेच्या वेळी हा फरक मोठा वाटतो. पण विजेचा फरक पाहिला तर पाव युनिट आणि पाव युनिटाहून थोडे कमी, एवढाच आहे. वेळ आणि वीज या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

महिन्याचा हिशेब

१४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट विजेएवढी उष्णता असते. गॅसची निम्मी धग हवेत जाते असे धरले तर प्रत्यक्ष कामाला ९० युनिट आली. तेवढेच काम इंडक्शनवर करायला सुमारे १०६ युनिट लागतील आणि कॉइलवर सुमारे १२९. फरक २३ युनिटांचा. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला २३० रुपये वाचतात.

आता दुसरी बाजू पाहू. इंडक्शनसाठी भांडी बदलावी लागली आणि त्यात समजा ३००० रुपये गेले, तर ते वसूल व्हायला १३ महिने लागतील. तेही सगळा स्वयंपाक विजेवर केला तर. निम्माच केला तर दोन वर्षांच्या वर. शिवाय महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांच्या वर आणि पुन्हा ३०० युनिटांच्या वर दर चढतो. आपले घर आज कोणत्या टप्प्यात आहे ते मागच्या बिलावर पाहूनच निर्णय घ्यावा. दुकानाच्या मीटरचा दर घरगुती मीटरपेक्षा वेगळा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

भांडी आधी पाहा

खरी मेख इथे आहे. नाशिकचा भांडी बाजार आणि तांबट लेन तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी जुन्या काळापासून नावाजलेली. आपल्या घरांतही कलई केलेली तांब्याची पातेली, देगच्या आणि ॲल्युमिनियमची पातेली पिढ्यान् पिढ्या वापरात आहेत. यातले एकही भांडे इंडक्शनवर चालत नाही. मातीची हंडीही चालत नाही. स्टीलमध्येही काही भांडी चालतात, काही नाही.

परीक्षा सोपी आहे. साधा लोहचुंबक घ्या आणि भांड्याच्या बुडाला लावा. घट्ट चिकटला तर भांडे चालेल, नुसता सरकला तर नाही. बूड सपाट हवे. खोलगट तवा किंवा गोल बुडाची कढई बरोबर तापत नाही. ॲल्युमिनियमचा कुकर घेताना तो इंडक्शनचा आहे असे लिहिलेले पाहून घ्यावा. भांड्याखाली ठेवायची लोखंडी चकतीही दुकानात मिळते, पण तिने विजेची बचत संपते आणि काच जास्त तापते. कापड घेताना आपण हात लावून पोत पाहतो, तसे शेगडी घेण्यापूर्वी घरातल्या प्रत्येक भांड्याला चुंबक लावून पाहावा. पाचपैकी चार भांडी चिकटली तर इंडक्शनचा विचार करावा.

स्वयंपाक कसा, तेही पाहा

दूध, चहा, डाळ, भात, कुकर यांना इंडक्शन उत्तम. पण बिर्याणीला दम द्यायचा किंवा निहारी तासन् तास मंद शिजवायची, तर अनेक साध्या इंडक्शन शेगड्या मंद आच सलग देत नाहीत. चालू-बंद, चालू-बंद करतात. जाड बुडाचे भांडे असले तर निभते. कॉइलची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते, ती दमाच्या कामी येते. भाकरी व फुलके ज्योतीवर फुगवायचे असतील तर दोन्ही शेगड्या गॅसची बरोबरी करत नाहीत.

वायरिंग आणि आगीचा धोका

२००० वॅटची शेगडी जवळपास ९ अँपिअर वीज ओढते. टीव्ही-पंख्याच्या ६ अँपिअरच्या प्लगवर ती लावणे म्हणजे तार जाळणे होय. १६ अँपिअरचा पॉवर प्लग, जाड वायर, चांगले अर्थिंग आणि एमसीबी हवा. जुन्या नाशकातील वाड्यांत वायरिंग जुने असते. तिथे आधी वायरमनला दाखवावे, मग शेगडी आणावी.

आमच्या धंद्यातील भावांना खास सांगणे आहे. शिलाई, जरी आणि यंत्रमागाच्या कारखान्यांत कारागीर तिथेच राहतात आणि तिथेच रांधतात. उघड्या कॉइलची शेगडी कापडाच्या गठ्ठ्यांजवळ कधीही ठेवू देऊ नका. एका चिंधीने वर्षाची पुंजी जाते आणि माणसाच्या जिवावर बेतते. शिवाय उघड्या तारेला धातूचा डाव लागला तर शॉक बसतो. अशा जागी इंडक्शन कमी धोक्याची, तरी स्वयंपाकाची जागा मालापासून वेगळीच असावी. इंडक्शनच्या आत पंखा असतो. कापडाचे तंतू आणि पीठ त्यात अडकून ती बिघडते. म्हणून तिच्या भोवती मोकळी जागा ठेवावी आणि पंख्याची जाळी साफ करत राहावे. काम झाल्यावर आतला पंखा थांबेपर्यंत प्लग बंद करू नये. घरात कोणाच्या हृदयाला पेसमेकर बसवलेला असेल तर डॉक्टरांना विचारूनच इंडक्शन घ्यावी.

दुरुस्तीचेही पाहावे. कॉइल तुटली तर गल्लीतला वायरमन थोड्या पैशांत नवी बसवतो. इंडक्शनमधले इलेक्ट्रॉनिक भाग वीज कमी-जास्त झाली की जळतात आणि त्यांची दुरुस्ती महाग पडते. म्हणून आयएसआयची खूण, पक्के बिल आणि गॅरंटी कार्ड घ्यावे. शहरात दुरुस्ती केंद्र कुठे आहे तेही विचारावे.

थोडक्यात काय, तर भांडी चुंबकाला चिकटणारी, पॉवर प्लग पक्का आणि रोजचा बराच स्वयंपाक विजेवर करायचा, अशा घराने इंडक्शन घ्यावी. तांब्या-ॲल्युमिनियमची भांडी जास्त आणि वापर अधूनमधून, अशा घराला झाकलेल्या कॉइलची साधी शेगडी पुरते. आणि वीज जाण्याचा भरवसा नसल्याने गॅस घरातून काढू नये. दुकानदार शेगडीची किंमत सांगतो. भांडी, वायरिंग आणि दुरुस्तीची किंमत आपणच त्यात मिळवायची असते.