पडद्यावरचा मल्ल व त्याचें वळण

हल्लीं पुष्कळ घरांत असा प्रकार दिसून येतो कीं, मुलगा टेलिव्हिजनपुढें किंवा संगणकापुढें तास-दोन तास बसलेला असतो, समोर कुस्तीचा व्हिडिओ गेम उघडलेला असतो, परंतु कुस्ती मात्र चाललेली नसते. पडद्यावर एकच मनुष्य उभा असतो. त्याचें नाक कधीं लांब होतें, कधीं आंखूड. खांदे रुंदावतात, केस बदलतात, लंगोट जाऊन विजार येते. 'हें काय चाललें आहे?' असें आईबापांनीं विचारिलें, तर उत्तर मिळतें, 'पैलवान बनवतो आहें.' तें ऐकून कोणास हंसूं येतें, कोणास रागहि येतो. आमच्या मतें ह्या उत्तरांत समजून घेण्यासारखें बरेंच आहे. तें पालक व विद्यार्थी ह्या दोघांसहि उपयोगी पडेल, म्हणून येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम ही कुस्ती कोणती, हें सांगितलें पाहिजे. आपल्याकडील मातींतली कुस्ती किंवा ऑलिंपिकमधील गादीवरची कुस्ती ही खरीखुरी स्पर्धा होय. कोण जिंकणार, हें आधीं कोणासच ठाऊक नसतें. अमेरिका, जपान, मेक्सिको इत्यादि देशांत जी धंदेवाईक कुस्ती चालते, तिचा प्रकार निराळा आहे. चौकोनी मंचाभोंवतीं दोर बांधलेले असतात. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे गादीला टेकवून पंचाचे तीन अंक मोजून होईपर्यंत दाबून धरिले, अथवा पेंच घालून त्यास हार कबूल करावयास लाविलें, म्हणजे निकाल लागतो. परंतु हा निकाल कोणाच्या बाजूनें लागावयाचा, हें आधींच ठरलेलें असतें. उड्या खऱ्या, आपटणें खरें, दुखापतीचा धोकाहि खरा. शेवट मात्र नाटकाच्या शेवटाप्रमाणें योजिलेला. १९८९ सालीं अमेरिकेंतील ह्या धंद्यांतल्या सर्वांत मोठ्या संस्थेनें, म्हणजे जी आतां डब्ल्यूडब्ल्यूई ह्या नांवानें ओळखली जाते तिनें, न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढें आपली कुस्ती ही करमणूक आहे असें स्वतःच मान्य केलें. तेव्हां तेथील प्रेक्षक केवळ 'कोण जिंकला' एवढेंच पाहावयास जात नाहींत. 'हा मनुष्य आहे कसा, आणि प्रसंग पडला असतां तो काय करील', हें पाहावयास ते जातात. मल्ल घडविण्याच्या खेळाचें मर्म ह्या एका गोष्टींत आहे.

त्याच १९८९ सालीं जपानांतील ह्यूमन नांवाच्या कंपनीनें पीसी इंजिन ह्या यंत्राकरितां 'फायर प्रो रेसलिंग' नांवाचा खेळ काढिला. पुढें ती कंपनी राहिली नाहीं, पण खेळ राहिला. २०१७ सालीं स्पाइक चुनसॉफ्ट ह्या जपानी कंपनीनें 'फायर प्रो रेसलिंग वर्ल्ड' ह्या नांवानें त्याची नवी आवृत्ति संगणकावर आणिली, व २०१८ सालीं ती प्लेस्टेशन ४ वरहि आली. अमेरिकेकडे १९९८ सालच्या 'डब्ल्यूडब्ल्यूएफ वॉर झोन' ह्या खेळांत आपला मल्ल आपणच घडविण्याची सोय होती, आणि अलीकडील 'डब्ल्यूडब्ल्यूई टू-के' मालिकेंत ती फारच विस्तारली आहे. ह्या दोन घराण्यांत एक मोठा फरक आहे. अमेरिकन खेळाची कमाल मल्लाच्या रूपांत आहे. जपानी खेळाची कमाल मल्लाच्या वागणुकींत आहे.

रूपाचें काम लवकर सांगून होईल. अमेरिकन खेळांत गालाचें हाड, जबडा, भुंवया, मानेची जाडी हें सर्व थोडें थोडें कमी-अधिक करितां येतें. कपड्यांचे व गोंदणाचे थर एकावर एक चढवितां येतात. स्वतः काढलेलें चित्र कंपनीच्या संकेतस्थळावरून खेळांत आणितां येतें. मल्ल मंचाकडे येतांना कोणतें संगीत वाजावें व दिवे कसे लागावे, हेंहि ठरवितां येतें. मल्लाचें नांव आपण हवें तें ठेवावें, परंतु निवेदकाच्या तोंडून मात्र आधीं ध्वनिमुद्रित करून ठेविलेल्या नांवांपैकींच एखादें ऐकूं येतें. जपानी खेळांतील आकृति ह्या मानानें लहान व साध्या, चित्रांतल्यासारख्या असतात. डोकें, धड, हात, पाय ह्यांचे तयार तुकडे निवडावयाचे, त्यांवर रंग चढवावयाचे, कीं देह तयार झाला. देह झाला म्हणजे मल्ल झाला असें नवशिक्यांस वाटतें, आणि येथेंच ते फसतात.

देहानंतर आंकडे येतात. प्रत्येक जातीच्या डावांत मल्लाचा मारा किती व बचाव किती, हें निरनिराळें ठरवावें लागतें. मान, हात, कंबर व पाय हे किती सोसतील. दम किती टिकेल. पडल्यावर पुन्हां ताकद किती लवकर भरून येईल. आणि सर्व संपत आलें असतां जिद्द किती उरेल, ह्यांचींहि मापें असतात. दम आणि जिद्द हीं दोन निराळीं ठेविलीं आहेत, हें विशेष ध्यानांत घेण्यासारखें आहे. दम संपला तरी जिद्द शिल्लक असलेला मल्ल आपल्या आखाड्यांतहि प्रेक्षकांनीं पाहिलेला असतो.

मग डाव निवडावयाचे. ते शेंकडों आहेत, आणि त्यांच्या हलके, मध्यम व भारी अशा तीन पायऱ्या आहेत. प्रतिस्पर्धी ताजातवाना असतां आरंभींच भारी डाव टाकूं गेलें, तर तो बहुधा उलटतो व टाकणाराच आपटला जातो. दोन मल्ल भिडले म्हणजे भराभर बटणें दाबणाऱ्याचा डाव बसत नाहीं. नेमक्या क्षणीं एकदांच दाबणाऱ्याचा बसतो. उतावळेपणास ह्या खेळांत थारा नाहीं.

एवढें सर्व झाल्यावर जो भाग येतो, तोच ह्या जपानी खेळाचा आत्मा होय. त्यास खेळणारे 'लॉजिक' म्हणतात. आम्ही त्यास 'वळण' म्हणूं. आपण हातांतील कंट्रोलर खालीं ठेवून मल्लास यंत्राच्या स्वाधीन केलें, तर तो काय करील, हें येथें आधीं शिकवून ठेवावयाचें असतें. प्रतिस्पर्धी थोडा थकला असतां, बराच थकला असतां, व पुरता थकला असतां, अशा तीन अवस्था धरिलेल्या आहेत. प्रत्येक अवस्थेंत कोणता डाव शेंकडा किती वेळां टाकावा, हें लिहावयाचें, आणि सर्वांची बेरीज बरोबर शंभर भरावयास हवी. एका डावास दहा वाढविले, तर दुसऱ्या कशांतून तरी दहा काढावे लागतात. प्रतिस्पर्धी उताणा पडला तर काय, पालथा पडला तर काय, कोपऱ्यांत सांपडला तर काय, एक डाव साधल्यावर लागलाच दुसरा कोणता, असे प्रश्न एकामागून एक येतात. शिवाय प्रेक्षकांपुढें मिरविण्याची हौस किती, संयम किती, प्रसंगाप्रमाणें वागणूक बदलण्याची तयारी किती, जोडीदारास साहाय्य करण्याची वृत्ति किती, असे स्वभावाचे आंकडेहि भरावे लागतात.

एक उदाहरण घेऊं. समजा, एखाद्या विद्यार्थ्यानें खाशाबा जाधव ह्यांचा मल्ल करावयाचें मनांत आणिलें. कऱ्हाडजवळील गोळेश्वर गांवचे खाशाबा १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकी येथें ५७ किलो वजनाच्या गटांत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें, आणि स्वतंत्र भारतास वैयक्तिक स्पर्धेंतील पहिलें ऑलिंपिक पदक मिळालें. त्या गटांतील सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी ह्यांस मिळालें होतें. खाशाबा धंदेवाईक मल्ल कधींच नव्हते. तेव्हां त्यांना ह्या मंचावर आणितांना प्रथम काय देऊं नये, ह्याचाच विचार करावा लागेल. दोरावरून उडी मारणें शून्य. खुर्ची उचलून मारणें शून्य. पंचाची नजर चुकवून डोळ्यांत बोटें घालणें शून्य. देह लहान, म्हणून उचलून आपटण्याच्या बळाचा आंकडा बेताचा, चपळाईचा मोठा. भिडल्याबरोबरचे शंभर असे वांटतां येतील: हात ओढून तोल घालविणें ४०, एकेरी पट ३५, धोबीपछाड १५, कलाजंग १०. ह्या डावांसारखे दिसणारे डाव खेळांत शोधल्यास सांपडतात. प्रतिस्पर्धी जसजसा थकेल, तसतसे पटाचे आंकडे उतरवून कलाजंगाचे चढवावे. मिरविण्याची हौस अगदीं थोडी, संयम व जिद्द भरपूर.

हें काम करूं लागलें म्हणजे मुलाच्या लक्षांत येतें कीं, खाशाबांचें छायाचित्र आपण पुष्कळदां पाहिलें, परंतु ते लढत कसे, हें आपणांस ठाऊक नाहीं. मग तो गांवांतील जुन्या पैलवानांस विचारील, वाचनालयांत त्यांचें चरित्र शोधील. एक आंकडा भरण्यासाठीं दहा प्रश्न विचारावे लागले, तर तो वेळ व्यर्थ गेला असें आम्ही म्हणणार नाहीं.

वळण लावून झालें कीं दोन मल्ल मंचावर सोडून खेळणारा बाजूस बसतो व नुसता पाहातो. पुष्कळ जुने खेळाडू असेंच करितात. मल्ल चुकीच्या वेळीं चुकीचा डाव टाकूं लागला, कीं थांबवून आंकडे तपासावयाचे व पुन्हां सोडावयाचें. कुस्ती संपल्यावर ती प्रेक्षकांस किती आवडली, ह्याचे गुण शंभरांपैकीं पडद्यावर येतात. आपल्या मल्लाचे सर्व आंकडे कळसास नेण्याचा मोह आरंभीं प्रत्येक मुलास होतो. असा मल्ल जिंकतो खरा. परंतु दोन-चार डावांत निकाल लागलेली कुस्ती पाहाण्यांत गोडी नसते, आणि ज्यास कशाचीच उणीव नाहीं, त्याची ओळखहि मनांत राहात नाहीं. दुबळ्या गुडघ्याचा, पण मागें न हटणारा मल्ल लक्षांत राहातो.

ह्या खेळाची आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. पुष्कळ वर्षें फायर प्रोच्या कर्त्यांजवळ खऱ्या मल्लांचीं नांवें वापरण्याचा परवाना नव्हता. म्हणून ते प्रसिद्ध मल्लांसारखे दिसणारे व वागणारे मल्ल निराळ्या नांवांनीं खेळांत घालीत. नांव बदललें, पोषाखांतहि थोडा फरक केला, तरी दोन डाव पाहातांच जाणते प्रेक्षक ओळखीत. २०१८ च्या सुमारास न्यू जपान प्रो-रेसलिंग ह्या संस्थेशीं करार होऊन तिचे मल्ल खऱ्या नांवानिशीं आले. आतां संगणकावरील खेळाडू आपण घडविलेले मल्ल स्टीम ह्या केंद्रावर इतरांसाठीं ठेवितात. तेथें असे हजारो मल्ल आहेत. दुसऱ्यानें कष्ट करून घडविलेला मल्ल आपला म्हणून दाखविणें हें मात्र दुसऱ्याचा निबंध आपल्या वहींत उतरून काढण्यासारखेंच आहे.

सावधगिरीच्या चार गोष्टीहि सांगितल्या पाहिजेत. ज्या सुविधेनें खाशाबा घडवितां येतात, त्याच सुविधेनें वर्गांतील एखाद्या लठ्ठ किंवा बुजऱ्या मुलाचा चेहरा मल्लास लावून त्यास पडद्यावर मार खावयास लावितां येतो, आणि तें चित्र शाळाभर फिरवितां येतें. हा विनोद नव्हे. ज्याचें तोंड वापरलें, त्यास तें मनापासून आवडेल काय, एवढा एकच प्रश्न विद्यार्थ्यांनीं स्वतःस विचारावा. पडद्यावरील डाव मैदानावर मित्रावर करून पाहूं नयेत. सराव केलेल्या मल्लांच्याहि माना त्यांत मोडल्या आहेत. पालकांनीं ध्यानांत ठेवावें कीं, डब्ल्यूडब्ल्यूई टू-के हे खेळ अमेरिकेंत तेरा वर्षांवरील मुलांसाठीं म्हणून ठरविलेले आहेत, आणि खेळ विकत घेतल्यावरहि आंत जादा वस्तूंसाठीं पैसे मागितले जातात. वेळेची मर्यादा घरांत बोलून ठरवावी. ती मोडली तर खेळास दोष न देतां ठरावाची आठवण द्यावी.

पालकहो, मुलगा मल्ल घडवीत असतां एकदां त्याच्याशेजारीं बसून 'ह्याला कोपऱ्यांत कोंडलें तर हा काय करील?' असें विचारून पाहा. रूपाविषयीं तो दोन वाक्यें बोलेल. वळणाविषयीं बोलूं लागला तर जेवण थंड होईल. विद्यार्थिमित्रांनो, कंट्रोलर तुमच्या हातांत आहे तोंवर पडद्यावरचा मल्ल तुमच्या बोटांप्रमाणें वागतो. त्याचें वळण तेव्हां कोणासच दिसत नाहीं. कंट्रोलर खालीं ठेविला म्हणजे मात्र तो जें शिकला आहे तेंच करितो. घरीं आईबाप व शाळेंत गुरुजन ह्यांचा हात तुमच्या पाठीवर आहे. तो एके दिवशीं निघेल, आणि त्या दिवशीं तुम्हीं काय करावें, ह्याचे आंकडे आजच एकेक करून भरले जात आहेत. पडद्यावरच्या मल्लाचे आंकडे दुसरा भरितो. तुमचे भरण्यांत तुमचाहि हात आहे.