तहकूब ग्रामसभेचे पुढे काय होते?

मुंबई : महाराष्ट्रात ग्रामसभेची सूचना फलकावर लागते, गावात दवंडी दिली जाते, तरीही अनेकदा गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते. मात्र सभा तहकूब झाल्याने विषय बारगळत नाहीत.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत. अनुसूचित क्षेत्रे वगळता, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल, तेवढी उपस्थिती आवश्यक असते. ४०० मतदारांच्या गावात ६० जण पुरेसे ठरतात.

तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा मात्र गणपूर्तीची अट राहत नाही. परिणामी घरकुलाच्या लाभार्थ्यांची निवड किंवा विकास आराखड्यासारखे विषय मोजक्या उपस्थितांच्या संमतीनेही मंजूर होऊ शकतात. म्हणूनच पहिल्या सभेतील उपस्थिती महत्त्वाची ठरते.