तांदूळ गिरणीत फुटतो की शेतात?

विद्यार्थी मित्रांनो, घरी तांदूळ निवडताना ताटाकडे कधी नीट पाहिले आहे का? अखंड दाण्यांबरोबर ताटात अर्धे, पाव असे तुकडेही दिसतात. त्यांना आपण कणी म्हणतो. घरात कणी वाया जात नाही; तिची पेज होते, पिठाची भाकरी होते. बाजारात मात्र अखंड तांदळाला जो भाव मिळतो तो कणीला मिळत नाही. म्हणून ज्याच्या भातात कणी जास्त निघते, त्या शेतकऱ्याचे नुकसान होते. त्याला कारण विचारा, तो सांगेल, "गिरणीत फुटला." गिरणीवाल्याला विचारा, तो म्हणेल, "भातच तसे होते." दोघांपैकी खरे कोणाचे? हा वाद अभियांत्रिकीच्या संशोधकांनी कसा सोडवला, ते आज पाहू या.

त्यासाठी पनवेलजवळच्या रोडपाली गावाकडे जाऊ. आज रोडपाली म्हणजे कळंबोली वसाहतीचा एक भाग. तळ्याच्या आसपास उंच इमारती उभ्या आहेत आणि २०१६ पासून येथे पनवेल महानगरपालिकेचा कारभार आहे. परंतु १९७० साली सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईची आखणी सुरू झाली, त्यापूर्वी हा सारा परिसर भातखाचरांचा होता. खाडी जवळ असल्याने काही जमिनी खाऱ्या, त्यांना खारबंदिस्तीचे बांध. अशा जमिनींच्या अभ्यासासाठी पनवेलला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र आहे. खारे पाणी सोसणाऱ्या 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' या भाताच्या जाती तेथेच तयार झाल्या. रोडपालीतली बहुतेक खाचरे आता राहिली नसली, तरी तालुक्याच्या पूर्वेकडे नेरे, मोरबे या बाजूला आजही भात होतो. तेव्हा आपला प्रश्न जुना झालेला नाही.

एक सोपा प्रयोग

उत्तर शोधण्याआधी एक प्रयोग करा. न उकडलेल्या, म्हणजे सुरय तांदळाचे वीस अखंड दाणे निवडून घ्या. एकेक दाणा विजेरीच्या काचेवर ठेवून उजेडात पाहा. ज्यांत आडवी रेघ दिसेल ते दाणे बाजूला काढा आणि त्यांच्या जागी रेघ नसलेले घ्या. आता हे वीस दाणे एका बशीत थंड पाण्यात टाका आणि भिंग घेऊन पाहत राहा. थोड्याच मिनिटांत दाण्यांवर आडव्या चिरा उमटू लागतील. भिजलेला असा दाणा चिमटीत धरून हलकेच दाबा; तो चिरेवरच तुटेल.

तुम्ही दाण्याला ना कुटले, ना दळले. केवळ पाणी लागले आणि तो चिरला! असे का व्हावे?

पावसाळ्यात घराचे लाकडी दार फुगून चौकटीत घट्ट बसते, हे तुम्ही अनुभवले असेल. तांदळाचा दाणाही तसाच ओलावा शोषून फुगतो. पण ओलावा पृष्ठभागातून आत शिरायला वेळ लागतो. त्यामुळे बाहेरचा थर फुगतो, आतला गाभा मात्र कोरडा आणि आहे तेवढाच राहतो. फुगलेला थर गाभ्याला लांबीच्या दिशेने ओढू लागतो. दाबले तर दाणा बराच भार सोसतो, ताण मात्र त्याला सोसवत नाही. शेवटी गाभ्याला आडवी चीर पडते.

चीर पडायला दाणा पाण्यातच बुडायला हवा असे नाही. दमट हवाही पुरते. जपानी संशोधकांनी १९३० सालीच ओलावा वाढल्यामुळे पडणाऱ्या या आडव्या चिरांचे वर्णन केले होते. पुढे १९६५ साली अमेरिकेत ऑटो कुंझे आणि कार्ल हॉल यांनी तूस काढलेले दाणे निरनिराळ्या आर्द्रतेच्या हवेत ठेवून पाहिले. भोवतालच्या हवेची आर्द्रता एकदम वाढवली की वाळलेले दाणे चिरतात, हे त्यांनी दाखवून दिले.

ऑक्टोबरची दुपार आणि ऑक्टोबरची रात्र

आता हेच ज्ञान घेऊन खाचरात जाऊ. हळवे भात आधी, मग निमगरवे आणि शेवटी गरवे, अशा क्रमाने कोकणात कापणी येते. ऑक्टोबरात दुपारी ऊन रणरणते आणि पहाटे दव पडते. भात पिकून उभे राहिले की दाणा दुपारी वाळतो व रात्री दव पिऊन ओलावतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कापलेले भात दोनतीन दिवस खाचरातच पसरून ठेवले, तर त्या दिवसांतही हाच खेळ चालतो. त्यातच परतीच्या पावसाची सर आली तर विचारायलाच नको. बशीतला तुमचा प्रयोग निसर्ग खाचरात करीत असतो, एवढेच! तूस अंगावर असल्यामुळे चीर कोणाच्या नजरेस पडत नाही, आणि भारे बांधून उडवी रचली जाते तेव्हा आतले कित्येक दाणे चिरलेले असतात.

म्हणून भात कापायचे केव्हा, हा अभियांत्रिकीचाही प्रश्न ठरतो. दाण्यात सुमारे २० ते २४ टक्के ओलावा असताना कापणी व्हावी, असे संशोधन सांगते. शेतकऱ्याजवळ ओलावामापक नसतो. तो लोंबीकडे पाहतो. लोंबीतले १०० पैकी सुमारे ८० ते ८५ दाणे पिवळे झाले, की विळा काढावा. त्याआधी कापले तर दाणे पोचट व हिरवे निघतात, फार उशीर केला तर ते झडतात आणि चिरतात.

विळ्यातही विज्ञान आहे. गुळगुळीत धारेच्या विळ्याने कापताना हिसका बसतो आणि पिकलेले दाणे खाली झडतात. दातेरी विळ्याचे दाते काडी धरून ठेवतात व करवतीप्रमाणे कापतात; हिसका कमी बसतो. दापोलीच्या विद्यापीठाने शिफारस केलेला 'वैभव' विळा असाच दातेरी आहे. त्याने भात जमिनीलगत कापता येते. धसकटात लपणाऱ्या खोडकिडीच्या अळ्या त्यामुळे काडीबरोबर निघून जातात आणि पुढच्या पिकाचाही फायदा होतो.

झोडणी आणि यंत्राचा वेग

कापणीनंतर मळणी. पेंढ्या फळीवर आपटून भात झोडायचे, ही जुनी पद्धत. तिच्याऐवजी पायाने चालवायचे मळणी यंत्र आले. त्यात तारेचे वेढे बसवलेला दंडगोल फिरतो. त्याच्यावर लोंब्या धरल्या की दाणे सुटतात. हा दंडगोल किती वेगाने फिरावा?

समजा, त्याचा व्यास ४० सेंटिमीटर आहे आणि तो मिनिटाला ४०० फेरे घेतो. एका फेऱ्यात कडेचा बिंदू ३.१४ × ०.४ म्हणजे सुमारे १.२६ मीटर जातो. मिनिटाला झाले ५०४ मीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ८.४ मीटर. वेग वाढवला तर काम झटपट होईल, पण दाण्याला बसणारा तडाखा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर तडाख्याची ऊर्जा चौपट! आधीच चिरलेला दाणा अशा तडाख्याने दुभंगतो. फार हळू फिरवले तर दाणे लोंबीतच राहतात. या दोहोंतला मध्य शोधणे, हे यंत्र बनवणाऱ्याचे काम.

वाळवायचे, पण किती आणि कसे?

मळलेले भात गिरणीत नेण्यापूर्वी त्यातला ओलावा सुमारे १४ टक्क्यांपर्यंत आणावा लागतो. जास्त ओले भात कोठारात तापते आणि त्यावर बुरशी येते. समजा, २२ टक्के ओलाव्याचे १०० किलोग्रॅम भात आहे. त्यात २२ किलोग्रॅम पाणी आणि ७८ किलोग्रॅम कोरडा भाग. वाळल्यावर कोरडा भाग तेवढाच राहतो, पण आता तो एकूण वजनाच्या ८६ टक्के असतो. म्हणून नवे वजन ७८ भागिले ०.८६, म्हणजे सुमारे ९०.७ किलोग्रॅम. याचा अर्थ ९ किलोग्रॅमहून अधिक पाणी काढायचे आहे!

हे पाणी घाईने काढले तर काय होईल? उन्हाळ्यात सुकलेल्या खाचराला भेगा पडतात त्या आठवा. वरचा थर आधी आकसतो आणि फाटतो. दाण्याचेही तसेच. गंमत अशी की, पुष्कळ चिरा वाळवताना न पडता वाळवणे संपल्यावर पडतात. गाभ्यातला ओलावा हळूहळू बाहेरच्या कोरड्या थरात येतो, तो थर फुगतो आणि पुन्हा ताण निर्माण होतो. म्हणून वाळवणी यंत्रात भात सलग वाळवत नाहीत. थोडे वाळवायचे, मग काही तास तसेच ठेवून ओलावा दाण्यात सारखा होऊ द्यायचा, मग पुन्हा वाळवायचे. खळ्यावर वाळवणाऱ्यानेही हे साधावे: भाताचा थर सुमारे तीन सेंटिमीटर ठेवावा, अर्ध्या तासाने हलवावा, भर दुपारी फार तापू देऊ नये आणि संध्याकाळी दव पडण्याआधी झाकून टाकावे.

अखेर गिरणी

आता गिरणीवाल्याची उलटतपासणी घेऊ. १०० किलोग्रॅम भातात सुमारे २० किलोग्रॅम तूस असते. सडताना आणखी सुमारे ८ ते १० किलोग्रॅम कोंडा निघतो. म्हणजे तांदूळ उरावा सुमारे ७० किलोग्रॅम. त्यातला अखंड किती, हे दाण्याच्या चिरांवर आणि यंत्रावर अवलंबून असते.

गावोगावच्या गिरण्यांत दीर्घकाळ जो हलर चालला, त्याचा शोध ब्राझीलमधील एव्हारिस्तो कोनराडो एंगेलबर्ग यांनी १८८५ साली लावला. त्यात खाचा असलेला लोखंडी रूळ जाळीच्या नळकांड्यात फिरतो. तूस काढणे आणि तांदूळ सडणे ही दोन्ही कामे तो एकाच रगडण्यात उरकतो. यंत्र स्वस्त आणि दणकट, पण दाण्यावर त्याची दया नाही. शिवाय तूस व कोंडा एकत्र मिसळल्याने कोंड्यापासून तेल काढणे अवघड होते.

त्याऐवजी रबरी रुळांचे यंत्र पाहा. दोन रबरी रूळ एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात; एक जलद, दुसरा थोडा मंद. दोन तळव्यांत भाताचा दाणा धरून एक हात पुढे आणि एक मागे न्या, म्हणजे युक्ती कळेल. तूस दोन बाजूंना ओढले जाऊन निघते. आतल्या दाण्याला रगडा बसत नाही. मग कोंडा काढायचे काम दुसऱ्या यंत्रात होते. अशा यंत्रात कणी कमी निघते. तेव्हा गिरणीचा दोष मुळीच नाही असे नाही. पण चिरलेला दाणा उत्तम यंत्रातूनही अखंड बाहेर येईल, याची खात्री कोणी देऊ शकणार नाही.

उकड्या तांदळाची करामत

चिरलेला दाणा सांधता येईल का? येतो! दक्षिण कोकणात पूर्वापार उकडा तांदूळ खातात. भात भिजवून, वाफवून, वाळवून मग सडायचे, ही ती रीत. वाफेच्या उष्णतेने दाण्यातला स्टार्च चिकट होतो, चिरा बुजतात आणि दाणा टणक बनतो. ब जीवनसत्त्वांपैकी काही कोंड्यातून आत मुरतात, हा आणखी लाभ. पूर्वी भात थंड पाण्यात दोनतीन दिवस भिजत घालीत. त्याला आंबूस वास येई. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने गरम पाण्यात भिजवण्याची पद्धत विकसित केली आणि हेच काम काही तासांवर आले. सुरय तांदळाचा प्रयोग उकड्या तांदळावरही करून पाहा आणि दोहोंतला फरक वहीत टिपा.

तर मित्रांनो, वादाचा निकाल काय? गिरणीत तुटलेले पुष्कळ दाणे शेतात आणि खळ्यावरच चिरलेले असतात. गिरणीत ते फक्त वेगळे होतात. चार महिने चिखलात राबून आलेले पीक शेवटच्या आठ दिवसांत, कोणाच्या नकळत, आपली किंमत गमावते. थोड्या गुंठ्यांच्या शेतकऱ्याला ते परवडणारे नाही. ते वाचवायला दरवेळी मोठे यंत्रच लागते असेही नाही. वेळेवर चालवलेला विळा आणि संध्याकाळी भातावर टाकलेली ताडपत्री यांनीही पुष्कळ साधते.

तुमच्या घरात किंवा शेजारी भातशेती केलेले आजीआजोबा असतील. भात कापल्यावर ते किती दिवस खाचरात ठेवीत आणि रात्री काय करीत, हे त्यांना विचारा. येत्या कापणीत एका खाचरातले दव खाल्लेले आणि लगेच उचलून झाकलेले असे दोन मूठ भात आणा. दोन्ही सावलीत सारखेच वाळवा, हाताने सोला आणि विजेरीवर धरून शंभरातले चिरलेले दाणे मोजा. दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की गिरणीवाला आणि शेतकरी यांच्या वादात तुम्हीही साक्ष देऊ शकाल.