कारखान्याच्या दारातून ग्राहकाच्या दारी

भोसरी औद्योगिक वसाहतीत सायंकाळी सहाच्या सुमारास दोन प्रकारच्या गाड्या दिसू लागतात. एक नेहमीचा टेम्पो. त्यात तेलकट क्रेटमध्ये रचलेले सुटे भाग, चालकाच्या हाती डिलिव्हरी चलन आणि चाकणच्या मोठ्या कारखान्याच्या गेटवर ठरलेल्या वेळेत पोहोचण्याची घाई. दुसरी कुरिअर कंपनीची लहान बंद गाडी. ती पॉवर प्रेस आणि लेथच्या शेडसमोर थांबते, आतून पुठ्ठ्याची वीस-पंचवीस खोकी बाहेर येतात, प्रत्येकावर बारकोडचे लेबल असते आणि प्रत्येक खोक्याचा पत्ता वेगळा असतो: कोल्हापूर, इंदूर, गुवाहाटी. पहिल्या गाडीतील मालाचा ग्राहक एकच असतो. दुसऱ्या गाडीतील मालाचे ग्राहक पंचवीस असतात आणि त्यांपैकी एकालाही कारखानदाराने पाहिलेले नसते.

या दोन गाड्यांमधील अंतर समजून घेतल्याशिवाय ऑनलाइन विक्रीचा विचार करता येणार नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढे टेल्को व बजाज यांच्या वाहन कारखान्यांभोवती लहान शेडचे जाळे विणले गेले. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणमध्ये २००९-१०च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आणि महिंद्र यांचे प्रकल्प सुरू झाल्यावर हे जाळे तळेगावपर्यंत पसरले. या लघुउद्योजकांनी जे कौशल्य कमावले ते जगात कोठेही मान्य होईल असे आहे. ड्रॉइंग द्यावे, मायक्रॉनमध्ये मोजून भाग घ्यावा. तथापि हे सारे कौशल्य दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर उभे आहे. वस्तू आपली, पण नाव आपले नाही, छापील किंमत आपली नाही, ग्राहकही आपला नाही. २०१९ मध्ये वाहनविक्री मंदावली आणि २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा एकाच ग्राहकावर विसंबण्याची किंमत अनेक शेडना मोजावी लागली.

समाजातील अनेक कुटुंबांत हाच काळ वळणाचा ठरला. चिंचवडपासून चाकणपर्यंत कोणत्याही गल्लीत असे एखादे घर सापडेल: वडिलांनी तीस वर्षे प्रेस शॉप किंवा हार्डवेअरचे दुकान चालवले, मुलगा बी.कॉम. किंवा अभियंता झाला आणि टाळेबंदीच्या दिवसांत त्याने अ‍ॅमेझॉन वा फ्लिपकार्टवर विक्रेता म्हणून खाते उघडले. सूनबाईंनी जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद अंथरून वस्तूंची छायाचित्रे काढली. पहिल्या महिन्यात तीस ऑर्डर, तिसऱ्या महिन्यात तीनशे. घरात आनंद झाला. वर्षअखेरीस वडिलांनी विचारले, “विक्री दिसते आहे बेटा, पण खात्यात पैसा का दिसत नाही?” या प्रश्नाचे उत्तर अनेक घरांत आजही नीट दिले जात नाही, म्हणून ते येथे आकड्यांत मांडणे योग्य होईल.

समजा, भोसरीच्या एका शेडमध्ये दुचाकीवर बसवायचा मोबाइल होल्डर तयार होतो. साहित्य, मजुरी व विजेसह तो १९० रुपयांना पडतो. पोर्टलवर त्याची किंमत ४९९ रुपये आहे. प्रथमदर्शनी तीनशे रुपयांचा नफा! त्यातील १८ टक्के जीएसटी वेगळा काढला की ४२३ रुपये उरतात. कमिशन, ठराविक शुल्क आणि वाहतूक मिळून १५० रुपये धरू. (हे दर वस्तूच्या वर्गानुसार, वजनानुसार आणि पोर्टलनुसार बदलतात. मीशोने २०२१ पासून कमिशन शून्य केले, पण वाहतूक आणि जाहिरात शून्य झालेली नाही.) खोके आणि बबल रॅप १२ रुपये. म्हणजे ४२३ मधून १५०, १२ आणि १९० वजा जाता एका नगामागे ७१ रुपये उरले. हेही वाईट नाही.

आता शंभर नग पाठवले आणि पंधरा परत आले असे धरू. उरलेल्या ८५ नगांवर ६,०३५ रुपये सुटले. परत आलेल्या प्रत्येक नगावर जाण्याचे ६५, येण्याचे ८० आणि पॅकिंगचे १२, असे १५७ रुपये बुडाले. पंधरा नगांचे २,३५५. त्यांतील पाच नग ओरखडे पडलेले किंवा स्क्रू हरवलेले निघाले, त्यांचे ९५० रुपये गेले. शिल्लक २,७३०. पोर्टलवर वरच्या ओळीत दिसण्यासाठी जाहिरातीवर २,१०० रुपये खर्च केले असतील, तर हाती उरले ६३० रुपये. एकोणीस हजारांचा माल तयार करून सहाशे तीस, आणि यात शेडचे भाडे, कर्जाचे व्याज, मुलाचा व सूनबाईंचा वेळ अजून धरलेलाच नाही.

हे उदाहरण कोणाला घाबरविण्यासाठी दिलेले नाही. यातील कोणता आकडा आपल्या हातात आहे, हे त्यातून दिसते. कमिशन आपल्या हातात नाही. परत येणाऱ्या मालाचे प्रमाण मात्र बऱ्याच अंशी आहे. पंधराऐवजी सात नग परत आले असते तर चित्र पालटले असते. ग्राहक वस्तू का परत करतो? बहुधा ती त्याच्या गाडीला बसत नाही म्हणून. वाहनाच्या सुट्या भागांत ही अडचण कपड्यांच्या मापापेक्षाही बिकट आहे, कारण एकाच नावाच्या दुचाकीचे हँडल वर्षागणिक बदलते. येथे भोसरीच्या कारखानदाराला एक मोठे बलस्थान आहे, आणि ते तो वापरत नाही याचे आश्चर्य वाटते. ड्रॉइंग वाचण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने आपल्या वस्तूचे माप छायाचित्रावरच मिलिमीटरमध्ये लिहावे, किती व्यासाच्या नळीवर ती बसेल आणि कोणत्या गाडीवर बसणार नाही हेही स्पष्ट सांगावे. “सर्व गाड्यांसाठी उपयुक्त” असे लिहून विक्री वाढते खरी, पण तोच माल पुढच्या आठवड्यात भाडे लावून घरी येतो.

दुसरी हातातील गोष्ट म्हणजे खोके. कुरिअरचा दर प्रत्यक्ष वजन किंवा आकारमानाचे वजन, यांपैकी जे जास्त त्यावर लागतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सर्वसाधारणपणे ५,००० ने भागतात. बाजारात सहज मिळते म्हणून ३० × २० × १५ चे खोके वापरले, तर चारशे ग्रॅमच्या होल्डरचे वजन १.८ किलो धरले जाते. १८ × १२ × ८ च्या खोक्यात तोच होल्डर बसला, तर आकारमानाचे वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आत येते. चिखली-तळवडे परिसरात मापाप्रमाणे खोकी करून देणारे आहेत. खोक्यावर दोन रुपये जास्त गेले तरी चालतील.

करांच्या बाबतीत गैरसमज फार आहेत. पोर्टल विक्रेत्याचे पैसे देताना जीएसटीपोटी अर्धा टक्का कापून घेते; १० जुलै २०२४ पूर्वी हा दर एक टक्का होता. आयकरापोटी होणारी कपात १ ऑक्टोबर २०२४ पासून एक टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आली. वरील होल्डरवर दोन्ही मिळून जेमतेम अडीच रुपये होतात आणि ते खर्चात जात नाहीत, आपल्या खात्यावर जमा असतात. मात्र जीएसटीची ही रक्कम पोर्टलवर जाऊन स्वीकारावी लागते, आणि कित्येक विक्रेते वर्षानुवर्षे ती स्वीकारतच नाहीत. पोर्टलच्या शुल्कावर आकारलेला १८ टक्के जीएसटीही वजावटीस मिळतो, त्याची बिले दरमहा उतरवून ठेवावीत. चाळीस लाखांच्या मर्यादेखालील छोट्या विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून अटींसह नोंदणीतून सूट आहे, पण ती केवळ राज्यांतर्गत मालविक्रीसाठी. नागपूरला पाठवलेला डबा चालेल, बेळगावला पाठवलेला चालणार नाही.

एका गोष्टीकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष नसते. माल लवकर पोहोचावा म्हणून पोर्टलच्या गोदामात साठा ठेवण्याची सोय आहे. गोदाम परराज्यात असेल तर त्या राज्यात जीएसटीची स्वतंत्र नोंदणी लागते, महाराष्ट्रात असेल तर ते अतिरिक्त व्यवसायस्थान म्हणून दाखवावे लागते. एवढे सल्लागार सांगतो. पण बँकेला कोण सांगतो? कॅश क्रेडिटची मर्यादा ज्या साठ्यावर मिळाली, तो भोसरीच्या पत्त्यावर तारण आहे. विमा पॉलिसीतही तोच पत्ता आहे. दिवाळीपूर्वी आठ लाखांचा माल दूरच्या गोदामात गेला आणि स्टॉक स्टेटमेंटमध्ये तो शेडमध्येच दाखवला, तर शाखेच्या तपासणीत अडचण होईल. तेथे आग लागली तर आपल्या पॉलिसीतून भरपाई मिळणे कठीण होईल. माल हलविण्यापूर्वी शाखेला एक पत्र आणि विमा कंपनीकडून पॉलिसीत नव्या पत्त्याची नोंद, एवढ्याने हे टळते.

पैसे मिळण्याच्या बाबतीत पोर्टल वाहन कंपन्यांपेक्षा सरस आहे, हे मान्य करावे लागेल. माल पोहोचल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांत रक्कम खात्यात येते. मोठ्या खरेदीदाराने लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. या तरतुदीचा लाभ उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकांना होतो. व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये उद्यम नोंदणी खुली झाली, ती केवळ प्राधान्य क्षेत्रातील कर्जासाठी. पिंपरी कॅम्पातील किंवा चिंचवडगावातील दुकानदाराने प्रमाणपत्र भिंतीवर लावताना हा फरक लक्षात ठेवावा.

सर्वांत कठीण प्रश्न नावाचा आहे. आपला होल्डर खपू लागला की महिनाभरात तशीच वस्तू, कधीकधी आपलेच छायाचित्र लावून, ३९९ रुपयांना दिसू लागते. विक्रेता घाबरून ३८९ लावतो. अशा स्पर्धेत जिंकणाऱ्याचेही नुकसानच होते. त्यावर उपाय आहे, पण तो सावकाश फळणारा आहे. व्यापारचिन्हासाठी अर्ज करावा. लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. वस्तूवर नाव डायमध्येच कोरावे, स्टिकरवर विसंबू नये. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष, तक्रारीसाठी दूरध्वनी हे पाकिटावर लागतेच. ज्या कारखानदाराने आयुष्यात कधी स्वतःची छापील किंमत ठरवली नाही, त्याला हा चार ओळींचा मजकूर लिहितानाच कळते की आपण आता सुट्या भागांचे पुरवठादार राहिलो नाही.

या धडपडीत एक मोह हमखास समोर येतो. कोणीतरी फोन करून सांगते, शंभर चांगले अभिप्राय अमुक रुपयांत मिळतील. ग्राहक बनून स्वतःच्या वस्तूचे अभिप्राय लिहिण्यास ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनी विक्रेत्याला मनाई केली आहे, आणि पोर्टलने पकडल्यास खाते बंद होऊन आतील रक्कम अडकते. पण नियम नसता तरीही, ज्या घरांत दिवाळीला वहीपूजन होते तेथे या खर्चाची नोंद कोणत्या नावाने घालणार?

मोबाइल होल्डरसारखी घरोघरी खपणारी वस्तू प्रत्येकाकडे नसते. जिग, फिक्श्चर, औद्योगिक रॅक, क्लॅम्प बनवणाऱ्याने किरकोळ पोर्टलच्या मागे लागू नये. त्याचा ग्राहक दुसरा कारखाना आहे आणि तो इंडियामार्टसारख्या ठिकाणी चौकशी करतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या सरकारी ई-बाजारपेठेवर, म्हणजे जेमवर, शासकीय कार्यालये खरेदी करतात आणि केंद्राच्या धोरणानुसार वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून व्हावी असे उद्दिष्ट आहे. तेथे छायाचित्रापेक्षा कागदपत्रे मोलाची ठरतात. अनेक लघुउद्योजकांच्या स्वभावाला तेच अधिक मानवते.

चाकणकडे जाणारा टेम्पो थांबवून सगळी शक्ती कुरिअरच्या गाडीत घालणे मात्र अविचाराचे होईल. मोठ्या कारखान्याच्या ऑर्डरमधून शेडचे भाडे आणि कामगारांचे पगार निघतात, त्या आधारावरच नव्या वस्तूला दोन-तीन वर्षे सांभाळता येते. शिवाय ऑनलाइन विक्रीचा ताण वर्षभर सारखा नसतो. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये ऑर्डर एकदम वाढतात, वडील रात्री अकरापर्यंत टेप लावत बसतात आणि मग दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात परतीची खोकी येऊ लागतात. काहींत वापरलेला माल असतो, काहींत दुसऱ्याच कंपनीचा. परत आलेले प्रत्येक खोके मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवून, लेबल दिसेल असे उघडावे आणि पोर्टलने दिलेल्या मुदतीत दावा दाखल करावा. ही मुदत थोड्या दिवसांची असते. म्हणून दिवाळीच्या सुटीवर जाताना घरातील एकाने तरी मागे राहायला हवे.