निजलेला संगणक आणि मुका झालेला स्पीकर

पनवेल तालुक्यातल्या शिक्षकमंडळींशी बोलताना एक तक्रार वरचेवर कानी येते. सकाळच्या तासाला मुलांना कविता ऐकवली, मधल्या सुट्टीत लॅपटॉपचे झाकण मिटले आणि पुढच्या तासाला उघडून पाहावे तो यूएसबीचा स्पीकर मुका! मग ‘गेला बिचारा’ म्हणून नवा आणायची तयारी सुरू होते. सादिलच्या तुटपुंज्या पैशांना हात घालण्याआधी जरा थांबा. पुष्कळदा स्पीकर धडधाकट असतो.

संगणक लिनक्सवर चालणारा आहे असे धरू. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची ‘बॉस’ प्रणालीही त्यावरच बेतलेली आहे.

संगणक निजतो तेव्हा चालू काम स्मृतीत राखण्यापुरती वीज ठेवतो, बाकीची बहुतेक तोडतो. यूएसबीच्या खाचेतून स्पीकरला मिळणारी ५ व्होल्टची वीजही काही संगणकांत तुटते. जाग आली की हजेरी सुरू होते, मधल्या सुट्टीनंतर गुरुजी घेतात तशीच. वीज तुटलेला स्पीकर आपला हजेरी-क्रमांक विसरलेला असतो. त्याला तो नव्याने द्यावा लागतो. बहुतेक यंत्रे लगेच ‘हजर’ म्हणतात. एखादे वेळेवर बोलत नाही, आणि त्याचे नाव पटावरून कमी होते.

म्हणून पहिला प्रश्न असा की, पटावर नाव आहे का? टर्मिनल उघडून एल, एस, यू, एस, बी ही पाच रोमन अक्षरे लिहा आणि एंटर दाबा. यादीत स्पीकर, किंवा त्यातल्या चिपच्या कंपनीचे नाव दिसले, तर वीज आणि तार ठीक आहे. मग ध्वनीच्या सेटिंगमध्ये बघा. जागे होताना आवाज लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरकडे वळलेला असतो, आणि आपण उगीच तारा हलवत बसतो! तिथे आपला स्पीकर पुन्हा निवडा. तिथे तो दिसतच नसेल तर लॉग-आउट करून परत आत या. आवाजाची वाटणी करणारी ‘पाईपवायर’ ही सेवा त्याने बहुधा नव्याने सुरू होते.

यादीत नावच नसेल तर टोक काढा, थोडे थांबून पुन्हा खोचा. मध्ये हब असेल तर तो वगळा. आमच्या कोकणपट्टीच्या दमट हवेत टोके काळवंडतात, तीही कोरड्या फडक्याने पुसा. मग ‘सुडो’ लिहून, एक जागा सोडून, डी, एम, ई, एस, जी ही अक्षरे लिहा. शेवटच्या ओळींत ‘डिस्कनेक्ट’ म्हणजे नाव कमी झाले. ‘एरर उणे ११०’ म्हणजे हाक मारली, पण उत्तर वेळेत आले नाही.

झाकण न मिटताही स्पीकर गप्प होत असेल, तर ती वेगळी डुलकी. रिकाम्या यंत्राची वीज वाचवण्याची सोय लिनक्समध्ये आहे आणि तिचा मूळ अवधी अवघा २ सेकंदांचा आहे. ‘पॉवरटॉप’सारखा कार्यक्रम ती सरसकट लागू करतो. त्या यंत्राच्या ‘कंट्रोल’ फाइलमधले ‘ऑटो’ बदलून ‘ऑन’ केले की डुलकी थांबते.

झोपेनंतर रोजच अडत असेल, तर ‘हे यंत्र नुसते जागे करू नको, सरळ नव्याने सुरू कर’ अशी कायमची सूचना गाभ्याला देता येते. हे काम जाणकाराकडून करून घ्यावे. त्याला स्पीकरची आठ अक्षरी ओळख लागेल. पहिल्या आज्ञेच्या यादीत ‘आयडी’पुढे ती चार-चारच्या दोन गटांत छापलेली असते. स्पीकर बोलता असतानाच ती उतरवून त्याच्या खोक्यावर चिकटवून ठेवा.