जीभ चिकटलेले बाळ आणि अंगावरचे दूध

जिभेखालचा पातळ पापुद्रा आखूड किंवा ताठ असला की बाळाची जीभ पुढे येत नाही. मग ते स्तनाग्रच चावते, सारखे सुटते, पोट भरत नाही. आईच्या स्तनाग्रांना भेगा पडतात.

बुलढाणा जिल्ह्यात, लोणारच्या खेड्यात असो की जळगाव जामोदच्या, ही अडचण बहुधा आधी गावच्या आरोग्य स्वयंसेविकेच्या, म्हणजे आशाताईंच्या कानावर जाते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येतात. पहिला उपचार म्हणजे पाजण्याची पकड सुधारणे. पुष्कळदा तेवढ्याने भागते. पापुद्रा दिसला म्हणून लगेच कापायची घाई चुकीचीच.

अडचण टिकली, वजन वाढेना, तर डॉक्टर निर्जंतुक कात्रीने पापुद्रा मोकळा करतात. काम क्षणाचे, रक्त थेंबभर, आणि बाळाला लगेच पाजता येते. रक्तस्राव वाढू नये म्हणून त्याआधी व्हिटॅमिन के दिल्याची खात्री करतात. २०१७च्या कॉक्रेन या संशोधन-आढाव्यात या उपचाराच्या, ३०२ बाळांवरच्या ५ चाचण्या तपासल्या गेल्या: आईच्या वेदना काही काळ कमी झाल्या, पण बाळाच्या पिण्यात सातत्याने सुधारणा आढळली नाही. घरी नखाने पापुद्रा तोडणे मात्र धोक्याचे. त्याने रक्तस्राव व जंतुसंसर्ग होऊ शकतो.