घरांतील विस्तव व त्याची वाट

थंडीच्या दिवसांत पहांटे चाकण-तळेगांव रस्त्यानें महाळुंग्यास शिरलें म्हणजे गांवठाणाच्या जुन्या घरांतून अद्याप बंब पेटलेले दिसतात. २०१६ सालीं उज्ज्वला योजना निघाल्यावर चुलीच्या जागीं गॅस पुष्कळ घरीं आला. पण आंघोळीच्या पाण्यासाठीं तो जाळणें कांहींच्या जिवावर येतें, आणि भोंवतालच्या कारखान्यांतील मोडक्या खोक्यांचीं लांकडें स्वस्तांत मिळतात. त्यामुळें विस्तव घरांतून गेलेला नाहीं. त्याच्याशीं वागण्याची जुनी जाण मात्र जात चालली आहे.

गेल्या नाताळच्या सुटींत आम्ही त्या गांवीं एका आप्ताकडे उतरलों होतों. घरांत एक वृद्ध आत्याबाई आहेत. रात्रीं गारठा फार, म्हणून बंबांतील निखारे शेगडींत काढून ती त्यांच्या खाटेजवळ ठेवली, व वारा येऊं नये म्हणून दारें-खिडक्या लावून फटींत कापड कोंबलें. निखारे लालबुंद होते, धूर मुळींच नव्हता. आम्ही तेथेंच उभे होतों आणि शास्त्र शिकवूनही आम्हांस बोलण्याचें सुचलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. पहांटे हांका मारल्या तरी आत्याबाई उठेनात. उचलून अंगणांत आणल्यावर त्यांनीं डोळे उघडले. मग वांती झाली, व डोकें फुटतें आहे असें त्या म्हणूं लागल्या. दवाखान्यांत प्राणवायु दिल्यावर दुपारीं त्या नीट बोलूं लागल्या. दार आणखी कांहीं वेळ बंद राहतें तर हा लेख लिहिण्याचें धैर्य आम्हांस झालें नसतें.

असें कां झालें? लांकूड किंवा कोळसा जळतांना भरपूर हवा मिळाली म्हणजे त्यांतील कार्बनाचा कार्बन डायऑक्साइड होतो. हवा अपुरी पडली म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा दुसरा वायु होऊं लागतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं; आणि रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां दोनशेंपटींहून अधिक जोरानें चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीरास प्राणवायु मिळत नाहीं. डोकें दुखतें, घेरी येते, मळमळतें, आणि सुस्ती येऊन मनुष्य झोंपतो. झोंपलेल्यास तर पहिलीं लक्षणें कळतही नाहींत. धूर नाहीं तेथें धोका नाहीं, ही समजूत म्हणूनच घातक होय. धूर निदान डोळ्यांत जाऊन माणसास बाहेर तरी काढतो. निखाऱ्याची शेगडी निजण्याच्या खोलींत ठेवूं नये. खिडकी किलकिली ठेवली तरी ठेवूं नये.

विस्तवास दोन वाटा लागतात, एक हवा आंत येण्याची व दुसरी धूर बाहेर जाण्याची. आपला तांब्याचा बंब ह्या तत्त्वाचा उत्तम नमुना आहे. खालच्या जाळींतून हवा शिरते, मधल्या नळींत लांकूड जळतें, तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व आपल्यामागून नवी हवा ओढून घेते. परंतु ही नळी बंबाच्या डोक्यावरच संपते. घराबाहेर जात नाहीं. अंगणांत किंवा उघड्या पडवींत त्यानें बिघडत नाहीं. नव्या पद्धतीच्या फरशीच्या बंद न्हाणीघरांत तोच बंब नेऊन ठेवला म्हणजे तो मोठी शेगडीच झाला. बंबांत आधीं पाणी भरावें, मगच विस्तव घालावा; रिकामा तापला तर सांधे उलतात. जाळीखालची राख रोज काढावी. ती तुंबली कीं हवा कोंडते.

चुलीवरील धुराड्याची गोष्ट निराळी. १९८३ पासून २००२ पर्यंत केंद्र सरकारनें सुधारित चुलींची राष्ट्रीय योजना चालविली व खेडोपाडीं नळीच्या चुली बसविल्या. पण नळी बसवून काम संपत नाहीं. ओलें लांकूड जाळलें कीं डांबरासारखा चिकट थर आंत बसतो, नळी अरुंद होते, आणि एखादे दिवशीं तो थरच पेटून छपराचा वासा धरतो. महिन्या-दोन महिन्यांनीं, विस्तव पूर्ण विझल्यावर, काठीस तरटाचा बोळा बांधून नळी झाडावी. नळीचें तोंड छपराबाहेर निदान ३ फूट असावें, आणि १० फुटांच्या आंत जें कांहीं उंच असेल त्याहून २ फूट वर असावें. महाळुंग्यांत सांप्रत भाड्याच्या खोल्यांच्या तीन-चार मजली इमारती जुन्या घरांस खेटून उठतात, आणि वर्षानुवर्षें नीट चाललेलें धुराडें एकाएकी उलटा धूर ओकूं लागतें. घरचीं माणसें सरपणास दोष देतात! दोष शेजारच्या भिंतीवरून खालीं कोसळणाऱ्या वाऱ्याचा असतो. हें दुखणें जुनें आहे. १७९६ सालीं काउंट रम्फर्ड यानें इंग्रजी घरांतील धुरकट धुराड्यांवर निबंध लिहून त्यांचा घसा अरुंद करावयास शिकविलें.

सरपणाविषयीं थोडें. ताज्या तोडलेल्या लांकडाच्या वजनांत निम्म्याच्या जवळपास पाणी असूं शकतें. तें आडोशाला, वारा लागेल असें रचून सहा महिने ते वर्षभर वाळवावें. कारखान्यांतून येणाऱ्या खोक्यांवर गव्हाच्या ओंबीसारखा शिक्का असल्यास त्याखालचीं रोमन अक्षरें वाचावीं. ‘एच टी’ असेल तर तें लांकूड उष्णतेनें निर्जंतुक केलेलें असतें. ‘एम बी’ असेल तर त्यास मेथिल ब्रोमाइड ह्या विषारी वायूची धुरी दिलेली असते. तें जाळूं नये. रंग दिलेल्या, तेल-रसायन सांडलेल्या व डिंकानें सांधलेल्या प्लायवुडच्या फळ्याही चुलींत घालूं नयेत. निखाऱ्यावर रॉकेल ओतणें तर सर्वथा वर्ज्य.

राख विझलेली दिसली तरी पोटांत निखारा एक-दोन दिवस जिवंत राहतो. म्हणून ती झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत, घरापासून दूर ठेवावी. भाजलेंच तर २० मिनिटें वाहतें थंड पाणी सोडावें. वर शाई, दंतमंजन कांहीं लावूं नये.

आत्याबाईंच्या खाटेवर आतां रात्रीं गरम पाण्याची रबरी पिशवी असते. बंब अंगणांत पूर्वींच्याच जागीं आहे, आणि संध्याकाळीं ती पिशवी त्याच्याच पाण्यानें भरतात.